विषय न ठरवता घेतलेला प्रवेश

‘कशात ग्रॅज्युएशन करतेयस?’ या प्रश्नाला पहिली दोन वर्षं माझ्याकडे उत्तरच नव्हतं, आणि पुण्यात हे चालत नाही. दहावीनंतर सायन्स, बारावीनंतर इंजिनिअरिंग किंवा मेडिकल, नाहीतर ‘अरेरे’. मी मात्र टोकियोच्या पश्चिमेला मिताकात, इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतला. तिथे आर्ट्स आणि सायन्स मिळून एकच विद्याशाखा आहे. आधी आत यायचं, दोन वर्षं वाट्टेल ते शिकायचं आणि मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवायचा. विद्यापीठाला सगळे आयसीयू म्हणतात. ‘मुलगी आयसीयूत आहे’ हे आईचं वाक्य ऐकून आमच्या सोसायटीत किती जण दचकले असतील, देव जाणे.

प्रवेशाचं फार सांगत नाही. सप्टेंबरची बॅच इंग्रजीतून अर्ज करून घेतात: मार्क, निबंध, शिफारसपत्रं. मग जपानहून पात्रतेचं प्रमाणपत्र येतं आणि त्यावर मुंबईतून व्हिसा. कागद वेळेत गोळा केले तर यात अवघड काही नाही.

अवघड होतं ते नावातलं ‘ख्रिश्चन’. बाबा काही बोलले नाहीत, पण वेबसाइट दोनदा वाचून काढली. शेवटी आजीनेच निकाल लावला. ‘तुझे आजोबा विल्सन कॉलेजात शिकले, ते कुठे बाटले?’ विल्सन 1832 चं, मिशनऱ्यांनीच काढलेलं. विषय संपला.

आयसीयूची जन्मकथा मला तिथे गेल्यावर कळली. हिरोशिमानंतर, 1946 मध्ये, अमेरिकेतल्या रिचमंडच्या जॉन मॅक्लीन या पाद्र्यांनी जपानसाठी निधी उभारायचं आवाहन केलं. जपानमध्येही वर्गणी निघाली. त्या मोहिमेचे प्रमुख होते बँक ऑफ जपानचे गव्हर्नर हिसातो इचिमादा, आणि पैसे देणारे बरेचसे जपानी ख्रिस्ती नव्हते. 1949 मध्ये स्थापना झाली आणि 1953 मध्ये पदवीचे वर्ग सुरू झाले. पहिले अध्यक्ष हाचिरो युआसा हे कीटकशास्त्रज्ञ. जागा मिळाली ती नाकाजिमा या विमान कंपनीच्या संशोधन केंद्राची. जिथे लढाऊ विमानांवर काम व्हायचं, तीच इमारत आज ‘होनकान’, म्हणजे मुख्य इमारत. तिच्या लांबलचक कॉरिडॉरमधून शांतता-अभ्यासाच्या तासाला जाताना पहिले काही आठवडे मला विचित्र वाटायचं. मग सवय झाली.

प्रवेश समारंभ चॅपलमध्ये होतो. एकेका विद्यार्थ्याचं नाव पुकारतात, आणि प्रत्येक जण एका प्रतिज्ञेवर सही करतो: मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली तत्त्वं पाळीन. सही बायबलखाली नव्हे, संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या जाहीरनाम्याखाली. बाबांना फोटो पाठवला तर उत्तर आलं, ‘हे ठीक आहे.’ ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा एक कोर्स मात्र सगळ्यांना सक्तीचा असतो. मला तो आवडला. आपल्याकडच्या धर्मावरच्या गप्पांपेक्षा तिथे प्रश्न जास्त विचारता येत होते. चॅपलला कुणी ओढून नेत नाही.

खरी कसोटी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. तीसहून जास्त मेजर. एक घ्या, दोन घ्या, किंवा एक मेजर आणि एक मायनर, म्हणजे दुय्यम विषय. मी बायोलॉजी करायचं म्हणून गेले होते. पण दुसऱ्या वर्षी मानववंशशास्त्राचा एक कोर्स घेतला आणि घोळ झाला. बहुतेक मेजरना पायाचे काही कोर्स आधी झालेले लागतात, आणि माझ्या सकाळी जपानी भाषेच्या तासांनी खाल्लेल्या. वर्षाला तीन टर्म, टर्म छोट्या. एक कोर्स या टर्मला हुकला की पुढच्या वर्षी. एक्सेलमध्ये रंगीत वेळापत्रकं करकरून मी माझ्या अॅडव्हायझर सेन्सेईंकडे गेले. (सेन्सेई म्हणजे शिक्षक; प्रत्येकाला एक प्राध्यापक नेमून दिलेला असतो.) त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलंच नाही.

‘सक्ती नसताना कुठल्या कोर्सचं वाचलंस?’

मी गप्प. उत्तर दोघांनाही माहीत होतं. दर तासाच्या शेवटी आम्ही एका छोट्या कागदावर शंका, मतं लिहून द्यायचो. बायोलॉजीच्या कागदावर माझी जेमतेम एक ओळ असायची. मानववंशशास्त्राच्या मागच्या बाजूलाही जागा पुरायची नाही.

बाबांशी फोनवर बोलणं मात्र लांबलं. ‘अगं, एक काहीतरी धड कर.’ त्यांना वाटत होतं मायनर म्हणजे नापास होण्याची सोय. मानववंशशास्त्र मेजर, बायोलॉजी मायनर, असा फॉर्म भरला. सेन्सेईंनी सही करताना सांगितलं की मेजर पुढे बदलताही येतो. हे मी घरी सांगितलं नाही. उगाच आशा कशाला लावा!

पदवीसाठी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. माझा विषय निशिकसाईतली मराठी घरं. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या या भागात आयटीवाली भारतीय कुटुंबं भरपूर आहेत. 2019 मध्ये तिथल्या वॉर्डसभेवर मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेव्हा आपल्या पेपरांत बातम्या आल्या होत्या. मी गेले गणपतीत, बायका मोदकांची उकड कशी जमवतात ते बघायला. तांदळाच्या पिठासाठी जपानी दुकानातलं ‘जोशिन्को’ बरं, यावर तिथे एकमत. पाण्याच्या प्रमाणावर मात्र कडाक्याचं भांडण. एक काकू म्हणाल्या, ‘हे पण लिहिणारेस का?’ लिहिलं, अख्खं प्रकरण.

प्रबंध जमा झाल्यावर बाबांनी पीडीएफ मागवून घेतली आणि रात्री फोन केला. ‘छान आहे. पण यात बायोलॉजी कुठंय?’ मी त्यांना मायनरच्या कोर्सेसची यादी पाठवली.