आधी बारावीची गुणपत्रिका काढा

"वय तेहतीस. बारावी सायन्स होऊन पंधरा वर्षं झाली. आता एमबीबीएसला जाता येईल का?" हा प्रश्न कधी जळगावातली स्टाफ नर्स विचारते, कधी शिरपूरकडचे शाळामास्तर. घरच्यांचा प्रश्न त्याआधीच विचारून झालेला असतो: "आते या वयमा डाक्टर व्हशी?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, आणि गोड करून लिहीत नाही.

वय नियमाने अडवत नाही. २०१७ साली खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गाला ३० अशी वरची मर्यादा आली होती. तिच्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मार्च २०२२मध्ये ती काढून टाकल्याचं जाहीर झालं. आता फक्त खालची अट उरली आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. नीट ही प्रवेश परीक्षा किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही. ही दुसरी सवलत मोठ्या वयाच्या माणसाला मारक ठरते, असं माझं स्पष्ट मत आहे. अठरा वर्षांच्या पोराचे तीन रिपीट खपून जातात. तुमचा तिसरा प्रयत्न म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी शाळेच्या फीचे पैसे असतात. दोन प्रयत्न ठरवा आणि ते घरात बोलून दाखवा.

अडवते ती बारावीची गुणपत्रिका. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात, म्हणजे ३००पैकी १५०; त्या वर्षीच्या माहितीपत्रकात हा आकडा पडताळून घ्या. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना ४० टक्के, म्हणजे १२०. इंग्रजी हा विषय असायला हवा आणि त्यात पास हवं. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला असला तरी ही अट ५० टक्केच राहते. इथे पुष्कळांची गल्लत होते. एकूण टक्केवारी ६२ असते, पण ती मराठी, भूगोल किंवा क्रॉप सायन्सने वर ओढलेली असते आणि तीन विषयांची बेरीज १४१ भरते. अशा माणसाला नीटमध्ये कितीही गुण पडले तरी कागद तपासताना तो बाहेर. म्हणून क्लासची फी भरण्याआधी पिवळी पडलेली ती गुणपत्रिका काढून तीन आकड्यांची बेरीज करा.

ज्यांनी बारावीला गणित घेतलं, बायोलॉजी सोडली, त्यांना पूर्वी दार बंद होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून बायोलॉजी दिलेल्यांनाही नीट खुली केली. इंजिनीअर झालेल्यांना ही वाट आहे, पण तिला वर्षभर जातं आणि प्रॅक्टिकलही द्यावी लागते. ते वर्ष हिशेबात आधीच धरा.

नर्सिंग, फार्मसी, बीएएमएस, बीएचएमएस झालेले विचारतात की थेट दुसऱ्या वर्षाला घेतील का. नाही. नीट द्यायची आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची.

आता कागद. इथे मोठ्या वयाचं माणूस अठराच्या पोरापेक्षा दहापट अडकतं. गुणपत्रिका हरवली असेल तर दुय्यम प्रत नाशिक विभागीय मंडळाकडून निघते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच मंडळात. मध्ये बीएस्सी-बीए केलं असेल तर शेवटच्या कॉलेजचा सोडल्याचा दाखला हवा आणि विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्रही. शिक्षणात पडलेल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे गॅप अॅफिडेव्हिट, करताना दाखल्यावरची तारीख आणि खंड सुरू झाल्याची तारीख जुळवा. एका वर्षाचा हिशेब लागला नाही तरी तपासणीच्या टेबलावर प्रश्न येतो. नॉन-क्रीमीलेअर दाखला ३१ मार्चला संपतो, तेव्हा जुना चालत नाही. जात वैधता प्रमाणपत्राला महिने जातात. नीटचा निकाल लागल्यावर त्या कामाला लागलात तर उशीर झालेला असतो. लग्न झालेल्या बाईची जात माहेरची धरतात, म्हणून पुरावे वडिलांकडचे लागतात. ते पहूरला असतील तर पहूरला जाणं आलं.

नावाचंही तसंच. नीटचा अर्ज दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने भरा. आधारवर सासरचं नाव आणि दहावीवर माहेरचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आधी काढून घ्या, राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत ठेवा.

खानदेशात आणखी एक खाच आहे, ती सुरतेची. उधना-लिंबायतमध्ये वाढलेली, तिथे दहावी-बारावी केलेली मुलगी लग्न होऊन अमळनेरला येते. तिला वाटतं आपण आता महाराष्ट्राच्या. पण राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी सर्वसाधारण नियम असा की अधिवास दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हव्यात. नुसत्या लग्नाने कोटा मिळत नाही. तिला अखिल भारतीय १५ टक्के उरतात, आणि गुजरातचे नियम तिला बसतात का ते तिने स्वतंत्रपणे पाहायचं. सेंधवा-बऱ्हाणपूरकडे शिकलेल्यांचंही असंच.

कागद जमले तर अभ्यासाकडे या. तुमच्या आठवणीतली एमएच-सीईटी विसरा. ती बारावीवर होती आणि चुकीला गुण कापत नव्हते. नीट अकरावी आणि बारावी दोन्हींवर असते: १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. बरोबरला ४, चुकीला उणे १. म्हणजे जे सोडवता आलं असतं ते चुकलं की प्रत्यक्षात ५ गुणांचा फरक पडतो. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. कॅल्क्युलेटर नाही, गोल काळे करायचे ओएमआर उत्तरपत्रिकेवर.

नोकरी सांभाळून रोज ४ तास आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर १२०० तास हातात येतात. त्यातले ४५० फिजिक्सला द्या, ३५० केमिस्ट्रीला, ३०० बायोलॉजीला आणि उरलेले १०० पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवण्याला. बहुतेक जण याच्या उलटं करतात: बायोलॉजी वाचायला बरी वाटते म्हणून निम्मं वर्ष तिथेच घालवतात. फिजिक्समध्ये धडा समजत नाही असं फारसं होत नाही. आडवं येतं ते गणित: लॉग, त्रिकोणमिती, सदिश, आलेखाचा उतार, दहाच्या घातांची आकडेमोड. पंधरा वर्षं मोबाइलवर हिशेब केलेल्या हाताला ३.६ गुणिले १०चा उणे ५वा घात कागदावर भागता येत नाही. पहिले तीन आठवडे नुसती ही आकडेमोड करा, धडा एकही उघडू नका. मग अकरावीचं मेकॅनिक्स घ्या. ते कच्चं राहिलं तर पुढे बारावीत विद्युत क्षेत्रातला कण कसा हलतो तेही अडतं.

नर्सना वाटतं बायोलॉजी आपलीच. मानवी शरीराचा भाग त्यांचा असतोच, पण बायोलॉजीत वनस्पतींचा वाटा मोठा आहे आणि वॉर्डात बारा वर्षं काढून प्रकाशसंश्लेषणाचं सी-४ चक्र येत नाही. शिक्षकांचं दुखणं वेगळं: समजावता येतं, पण एका मिनिटात उत्तर काढण्याचा वेग नसतो. दोघांनाही औषध एकच, एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ आणि नंतर जुने पेपर. अभ्यासक्रमही ताजा बघून घ्या. तो नोव्हेंबर २०२३मध्ये बदलला. रावेर-यावलच्या घरात केळीचं टिश्यू कल्चर लहान पोरांनाही ठाऊक असतं, नेमका तो ज्या धड्यात होता तो धडाच पुस्तकातून गेला आहे!

पेपर मराठीतून देता येतो, पण मराठी आणि इंग्रजी प्रश्नात तफावत निघाली तर इंग्रजी ग्राह्य धरतात, आणि पुढे एमबीबीएस सगळं इंग्रजीतच आहे. मराठीतून समजून घ्या, प्रश्न मात्र इंग्रजीतून सोडवा.

पास होणं आणि सीट मिळणं यांतलं अंतर ओळखा. २०२५मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा १४४ गुणांवर होती. तेवढ्यात सरकारी सीट मिळत नाही. सरकारीचा खेळ त्याच्या कितीतरी वर चालतो. गुणांची तुलनाही फसवी आहे. २०२४मध्ये ७२०पैकी ७२० मिळवणारे एकाहून अधिक होते, २०२५चा पहिला ६८६वर होता. शेजारच्याला त्या वर्षी अमुक गुणांवर धुळे मिळालं म्हणून तुम्हालाही मिळेल असं धरू नका. मागच्या वर्षांच्या याद्यांमध्ये रँक पाहा.

आपल्याकडे सरकारी कॉलेजं तीन: धुळ्याचं भाऊसाहेब हिरे, २०१८ला सुरू झालेलं जळगावचं आणि त्यानंतर नंदुरबारचं. जळगाव आणि धुळ्यात खासगीही आहेत. माझा सल्ला कडू वाटेल: तिशीनंतर सरकारी सीट मिळाली तरच जा. कारण खरा खर्च फी नसतो, सुटलेला पगार असतो. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. दरमहा २५,००० कमावणारीने साडेचार वर्षांचा, म्हणजे ५४ महिन्यांचा पगार सोडला की १३,५०,००० गेले, फीचा रुपया मोजण्याआधीच. त्यावर खासगीची फी साडेचार पट करून मांडा. कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे लागतं, आणि इथे सात-बारा पुढे करणाऱ्यांची निराशा होते. वसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्याने शैक्षणिक कर्जाला ती तारण घ्यायला बँका नाखूश असतात. त्यांना बिगरशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव हवी असते.

मुलींसाठी एक गोष्ट जरूर पाहा. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशांना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही.

वयाचा हिशेब एका ओळीत: चौतिसाव्या वर्षी प्रवेश, साडेएकोणचाळीसला इंटर्नशिप संपते, सरकारी कॉलेजच्या बाँडची एक वर्षाची सेवा झाली की चाळिशी ओलांडलेली. एमडी-एमएस करायचं तर आणखी तीन वर्षं, आणि त्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी वेगळी. शल्यचिकित्सेचं स्वप्न असेल तर हा हिशेब पुन्हा करा. गावात साधा, चांगला फॅमिली डॉक्टर व्हायचं असेल तर हिशेब बसतो.

आत गेल्यावर नोकरी चालत नाही. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. दुपारची शिफ्ट करून शिकेन म्हणणारा पहिल्या सहा महिन्यांतच बाहेर पडतो. घरचं आजारपण, बाळंतपण, मुलाच्या परीक्षा यांसाठी हजेरीत सूट मिळेल असं गृहीत धरू नका. पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा. पहिल्या वर्षातली अॅनाटॉमी पाठांतराने घायाळ करते. डिसेक्शन हॉलमध्ये तासन् तास उभं राहायचं, फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, आणि गटातली पोरं तुम्हाला ताई किंवा काका म्हणतात. त्या हाकेने खचू नका, उलट त्यांच्याच नोट्स मागा. रुग्णाशी बोलायला लागलात की तुमचं वय कामाला येतं. साक्रीकडून आलेली म्हातारी विद्यार्थ्याला जे सांगत नाही ते तुम्हाला अहिराणीत सांगते.

परदेशाचं गाजर दाखवणारे एजंट आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. तिथे जायलाही नीट पात्रता लागते. अभ्यासक्रम किमान ५४ महिने, इंग्रजी माध्यमातून, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, परत येऊन इथली परीक्षा आणि इथे पुन्हा इंटर्नशिप. इथली ती परीक्षा, एफएमजीई, ३०० गुणांची, पास व्हायला १५० हवेत. पस्तिशीत हा मार्ग मी कुणालाच सुचवत नाही.

परीक्षेचा दिवस. नीट सहसा मेच्या पहिल्या रविवारी, दुपारी २ ते ५, म्हणजे भुसावळ-जळगावचं ऊन सर्वांत जास्त असताना. आणि हे दिवस आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे. २०२५मध्ये आखाजी ३० एप्रिलला आली आणि पेपर ४ मेला होता. माहेरवाशिणीला नेमक्या त्याच आठवड्यात बोलावणं येतं, घर पाहुण्यांनी भरतं, झोके बांधले जातात. त्या वर्षी माहेरी जायचं तर पेपर झाल्यावर, हे मार्चमध्येच फोन करून सांगून टाका. ती आठ दिवसांची उजळणी पुन्हा मिळत नाही. शेवटच्या पंधरवड्यात रोज दुपारी २ ते ५ याच वेळेत पंख्याखाली पूर्ण पेपर सोडवा, कारण जेवणानंतर डुलकी घ्यायची सवय लागलेलं शरीर त्या तीन तासांत दगा देतं. दागिने आत चालत नाहीत, तेव्हा मंगळसूत्र-जोडव्यांवरून गेटवर हुज्जत घालण्यापेक्षा ते घरीच ठेवा. बूट नको, साधी चप्पल आणि अर्ध्या बाहीचे कपडे. गेट दीडला बंद होतं. केंद्र दुसऱ्या गावात असेल तर सकाळच्या पहिल्या एसटीवर विसंबू नका, आदल्या रात्रीच मुक्कामाला जा, आणि विवाह प्रमाणपत्र मूळ प्रतीसह पिशवीत असू द्या.