बुश आवळण्याआधी गाडी चाकांवर उभी करा

कणकुंबीजवळ आमची काजूची बाग आहे आणि पावसाळ्यात बेळगावहून जांबोटीमार्गे तिथे जाण्याचा प्रसंग आठवड्यातून एकदा तरी येतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुमारास त्या रस्त्यावर गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने आवाज येऊ लागला. खड्ड्यात चाक उतरताना काहीच ऐकू येत नसे, ते वर येताना मात्र एकदाच, स्पष्ट 'कट्ट' असे वाजे. ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढू लागे. चार महिन्यांत दोनदा अलाइनमेंट करूनही पुढच्या टायरची आतली कड झिजतच होती. मला याचे अधिक वाईट वाटले, कारण त्याच मे महिन्यात पुढच्या आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे, सगळे बुश मी नवे, कंपनीचे, बिलासह घेऊन बसवले होते.

बुश म्हणजे हा कंट्रोल आर्म आणि चॅसिस (गाडीचा सांगाडा) यांच्यामधला तुकडा; दिसायला तो क्षुल्लक असतो. बाहेर लोखंडी नळी, आत दुसरी लहान नळी आणि दोहोंना पक्के चिकटवलेले मधले रबर, इतकेच त्याचे रूप. माझ्या गाडीला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म; म्हणून प्रत्येक बाजूला वरच्या आर्मचे दोन आणि खालच्या आर्मचे दोन बुश. मागचा सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांमधला अखंड आस, चार लांब लिंक आणि एक आडवा रॉड यांनी धरलेला असल्याने तिथे दोन्ही टोकांचे मिळून दहा. असे एकूण अठरा बुश चाकांना जागेवर ठेवतात. चाक वर-खाली झाले की आर्म हलतो, पण बुशमध्ये कोणताही भाग दुसऱ्यावर घासत नाही. आतली नळी बोल्टने चॅसिसच्या कानांत, म्हणजे बाहेर आलेल्या भोकाच्या पट्ट्यांत, आवळलेली असते, बाहेरची आर्मबरोबर फिरते आणि मधले रबर पीळ घेऊन पुन्हा मूळ जागी येते. हे रबर तेवढ्याच वेळी दगडाचा ठोका जिरवते आणि ब्रेकचा ओढही सोसते. 1,800 किलोच्या गाडीला जोराचा ब्रेक लागला, तर पुढच्या प्रत्येक चाकावर मागच्या दिशेने साधारण 400 किलोचा जोर येतो आणि त्याचा मोठा वाटा खालच्या आर्मच्या बुशना पेलावा लागतो. ते रबर फाटले असेल, तर ब्रेक मारताक्षणी संपूर्ण आर्म काही मिलिमीटर मागे सरकतो आणि चाकाची दिशा बदलते. मशीनवर उभ्या गाडीची अलाइनमेंट बरोबर दाखवली जाते आणि रस्त्यावर ती टिकत नाही, याचे कारण बहुधा हेच असते.

शेवटी मी गाडी खानापुरातल्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. मी शॉकॲब्सॉर्बरबद्दल बोलू लागलो, तेव्हा त्यांनी, "आधी आवाज कुठनं येऊलालाय ते बघूया की," एवढेच म्हटले आणि पिटमध्ये उतरून खालच्या आर्मच्या कानात टॉमी (लोखंडी पहार) घातली. हलका जोर देताच आर्म अर्धा इंच मागे गेला. आर्म बाहेर काढल्यावर त्यांनी दोन्ही बुश माझ्या हातावर ठेवले. डावा आणि उजवा, दोन्हींचे रबर आतल्या नळीभोवती अर्धचंद्रासारखे सुटले होते आणि दोन्हीकडे पिळाची दिशा एकच होती, म्हणजे चाक लोंबकळत्या जागेवरून वर आले की जी असते ती. रस्त्याच्या धक्क्यांनी फाटलेले रबर दोन्ही बाजूंना इतके सारखे फाटत नाही. बुश बसवणाऱ्या गॅरेजने गाडी जॅकवर उचलून, चाके हवेत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले होते.

घरी येऊन मी हिशेब मांडला. आर्मची लांबी 35 सेंटिमीटर धरली आणि गाडी उचलल्यावर चाक 10 सेंटिमीटर खाली लोंबते असे मानले, तर आर्म सुमारे 16 ते 17 अंशांनी खाली कलतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला की रबराच्या दृष्टीने तीच विश्रांतीची जागा ठरते. गाडी जमिनीवर टेकली, की नुसती दारात उभी असतानाही बुश 16 अंशांचा पीळ घेऊन बसतो, आणि खड्ड्यातून चाक आणखी 10 सेंटिमीटर वर गेले तर हा पीळ 33 अंशांवर पोहोचतो. चाकांवर उभी असताना आवळलेल्या बुशला त्याच प्रवासात खाली 16 आणि वर 16 एवढेच सोसावे लागते. कच्च्या रस्त्यावर चाकाचा प्रवास शहरापेक्षा कितीतरी जास्त असल्याने ही चूक आमच्यासारख्यांच्या गाडीत काही महिन्यांतच उघडी पडते. मालक मात्र रस्त्याला किंवा सुट्या भागाला दोष देत राहतो. मीही चार महिने तेच केले.

दुसरी चूक माझी स्वतःची होती. पावसाळ्याच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाखाली डिझेलमिश्रित जळके ऑइल मारून घेण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. मीही ते मारून घेतले होते. पत्र्याला त्याचा उपयोग होत असेल, पण बुशमधले रबर बहुतेक नैसर्गिक रबर असते. पीळ आणि ताण सोसण्यात त्याला तोड नाही, पण खनिज तेल लागले की ते फुगते आणि मऊ पडते. तात्यांनी नखाने दाबून दाखवले, तेव्हा कडेचे रबर लोण्यासारखे खचले. आता मी गंजरोधक मेणाचा थर देऊन घेतो आणि त्या वेळी प्रत्येक बुशवर जुने कापड बांधून ठेवतो.

रागाच्या भरात रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे (पॉली, एक कठीण प्लास्टिक) बुश घालावेत असाही विचार मनात आला होता, कारण आमच्या ओळखीतल्या दोघांनी ते घातले आहेत आणि हायवेवर त्यांची गाडी खरोखर घट्ट चालते. रबराचा कठीणपणा शोर ए मापाने साधारण 50 ते 70 असतो, पॉलीचा 80 ते 95. पॉली बुश असलेला आर्म आतल्या नळीवर घसरून फिरतो, त्यामुळे बोल्ट कुठल्या उंचीवर आवळला याला तिथे फारसे महत्त्व उरत नाही. पण त्या घसरणीला ग्रीस लागते, आणि खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातला पाऊस ग्रीस टिकू देत नाही. जांभ्याची तांबडी गाळवट माती फटीत शिरली की ती पॉलिश पेपरचे काम करते. शिवाय रबर जो ठोका स्वतः गिळते, तो कठीण बुश जसाच्या तसा चॅसिसच्या कानांकडे पाठवतो, आणि तिथे भोक लंबगोल होणे किंवा वेल्डिंगला चीर जाणे हा नव्या बुशपेक्षा फार मोठा खर्च आहे. जिम्नीसारख्या गाडीच्या, रेडियस आर्मने (लांब दांड्यांनी) धरलेल्या सॉलिड ॲक्सलला तर मी पॉली कधीच सुचवणार नाही. तिथे एक चाक दगडावर चढले की ॲक्सल तिरका होतो आणि तो तिरकेपणा बुशलाच सोसावा लागतो. बुश वाकला नाही तर चाक खाली पोहोचत नाही आणि पकड जाते.

आर्म उद्यमबागेतल्या प्रेसवर नेले. तिथल्या मुलाने बुशच्या बाहेरच्या नळीवर बसेल असा पाइपचा तुकडा शोधून काढला, रबरावर दाब येऊ दिला नाही आणि ग्रीसऐवजी साबणाचे पाणी लावले. हे पाहून मला फार बरे वाटले. खानापुरात आर्म चढवून झाल्यावर तात्यांच्या हाताखालच्या पोराने मोठा पाना लावला, तोच तात्या पलीकडून "जरा तडी!" (जरा थांब!) असे कन्नडमध्ये ओरडले. बोल्ट हातानेच ओढून ठेवायला लावले, चाके चढवली, गाडी खाली घेतली, मला बंपर चार-पाच वेळा दाबायला सांगितला आणि मग पिटवर, चारही चाकांवर वजन असताना, टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने, एकेक बोल्ट आवळला. शेवटी पुढच्या प्रत्येक बुशवर आतली नळी आणि आर्म यांवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली, म्हणजे नळी जागची सरकली तर ती तुटलेली दिसेल.

त्यानंतर एक पूर्ण पावसाळा, काजूचा एक हंगाम आणि चोर्ल्याच्या कितीतरी खेपा झाल्या. गेल्या रविवारी पिटमध्ये उतरून मी चिखल धुतला आणि बॅटरीच्या उजेडात पाहिले. आठही रेघा सरळ आहेत.