पहिलं सोन्याचं नाणं घेताना

नाणी मी बरीच वर्षं जमवत होते. त्यामुळे सोन्यात थोडे पैसे गुंतवायचं ठरवलं तेव्हा वाटलं, नाण्यांतलं तर आपल्याला कळतं. पहिलं क्रुगरँड, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं सोन्याचं नाणं, हातात आल्यावर ते लगेच काट्यावर ठेवलं. आकडा आला ३३.९३ ग्रॅम. औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम हे मला पाठ होतं आणि नाण्यावर स्पष्ट एक औंस सोनं असं कोरलेलं. माझ्या छातीत धस्स झालं. नाणं खोटं निघालं की काय?

नाणं खरंच होतं. सोनं ट्रॉय औंसात मोजतात आणि तो ३१.१०३५ ग्रॅमचा असतो. शिवाय क्रुगरँड २२ कॅरेटचं, म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं, बाकी तांबं. ३३.९३ ला २२ ने गुणून २४ ने भागलं, उत्तर आलं ३१.१०. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. एकूण वजन वेगळं, शुद्ध सोन्याचं वजन वेगळं! सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याचंही तसंच: वजन ७.९८८ ग्रॅम, त्यात सोनं साधारण ७.३२. पैसे मोजताना दुसरा आकडा बघायचा.

मग भाव. बाजारात त्या क्षणी चालू असलेला कच्च्या सोन्याचा दर म्हणजे स्पॉट. नाण्याला त्यावर जे जास्तीचे पडतात तो प्रीमियम. नाणं जितकं लहान, तितका तो ग्रॅममागे सहसा जास्त. आता मी विकत घेतानाच विचारते, ‘हेच आज परत आणलं तर काय द्याल?’ या दोन भावांतली तफावत ऐकली की बरंच कळतं.

‘प्रूफ’ या शब्दाने मात्र मला खड्ड्यात घातलं. ही सगळ्यात वरची ग्रेड, असं एका विक्रेत्याने सांगितलं आणि मी जादा पैसे मोजले. प्रूफ ही ग्रेड नसून नाणं पाडण्याची पद्धत आहे: चकाकवलेले साचे, चकाकवलेली चकती, बहुधा एकाहून जास्त ठोके. दिसतं आरशासारखं, पण सोनं तेवढंच. ग्रेड म्हणजे नाण्याची अवस्था, १ ते ७० आकड्यांत सांगितलेली. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या मापावरून ही पद्धत आली.

ग्रेडचा अर्थ मला ज्या चांदीच्या नाण्याने शिकवला, त्याची हळहळ अजून आहे. काळवंडलं म्हणून मी ते पावडर लावून घासलं होतं. भिंगाखाली दिव्याच्या उजेडात तिरकं धरलं तर सपाट भागावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं दिसतं आणि मूळची झळाळी कुठेच नाही. अशा नाण्याला संग्राहक हात आखडून पैसे देतात. चांदीचा भाव तेवढा राहिला. त्यापलीकडचं मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं.

क्रुगरँड आता कॅप्सूलमध्ये आहे. काढलंच तर कडेला धरून, खाली मऊ कापड अंथरून.