शीट चालली, पण ४ जूननं घोळ घातला

ट्रेलिंग स्टॉपची, म्हणजे भाव चढेल तशी वर सरकणाऱ्या विक्रीच्या पातळीची, शीट अखेर चालली. हायेस्ट हाय वजा तीन एटीआर (ॲव्हरेज ट्रू रेंज, रोजच्या चढउताराची सरासरी), एक्झिट फक्त क्लोजवर, आणि एटीआर आता ब्रोकरच्या चार्टशी दशांशापर्यंत जुळतो. घोडं स्मूदिंगपाशी अडलं होतं: चार्ट वाइल्डरची सरासरी घेतो, शीट साधी घेत होती. त्या आनंदात मामलेदारची तिखट मिसळ झाली. घरी येऊन निफ्टीचा जुना डेटा घातला आणि २०२४ च्या लोकसभा निकालाच्या दिवशी गाडी पुन्हा रुतली.

३ जूनचा हाय २३,३३८. एटीआर सोयीसाठी ३०० धरू, म्हणजे स्टॉप २२,४३८. ४ जूनला मतमोजणी. लो २१,२८१, क्लोज २१,८८४. आदल्या क्लोजपासून लोपर्यंत ट्रू रेंज भरते १,९८२. चौदा दिवसांच्या सरासरीत ही एकटी कँडल एटीआर ४२० वर नेते, आणि त्याची तिप्पट केली की स्टॉप ३६० पॉइंट खाली, २२,०७८ वर! ज्या दिवशी त्यानं पाय रोवायचे, त्याच दिवशी तो मागे सरकतो. 'थोडं थांबू, येईल वर' हे आपलं मन म्हणतं तेच सूत्र म्हणतंय, वर गणिताचा शिक्का मारून. क्लोज त्याच्याही खाली आला म्हणून निभावलं. २२,२०० ला आला असता तर शीटनं खुशाल 'होल्ड' दाखवलं असतं.

इलाज सोपा निघाला. मॅक्स लावलं, आजचा स्टॉप कालच्यापेक्षा खाली येणारच नाही. मग पुढच्या ओळी पाहिल्या. ५ जून, क्लोज २२,६२०. ७ जून, २३,२९०, म्हणजे पडण्याआधीच्या क्लोजच्याही वर! नियम पाळणारा २१,८८४ ला विकून हात चोळत बसलेला.

शनिवारी तलावपाळीला हे सांगितलं तर काका हसायलाच लागले. "अरे, मी टीव्हीवर निकाल बघत होतो, फोन चार्जिंगला. निफ्टी बीज, आपला इंडेक्सचा ईटीएफ, होते तिथेच आहेत." खरं आहे. पण याच काकांच्या डिमॅटमध्ये 'येईल रे परत' म्हणून ठेवलेला एक शेअर आहे, त्याचं नाव काढलं की ते चहा मागवतात. इंडेक्समधली सडकी कंपनी एनएसईवाले काढतात, आपल्या डिमॅटमधली आपल्यालाच काढावी लागते. शिवाय इंडेक्सवरच्या श्रद्धेचीही परीक्षा होते. सप्टेंबर २०२४ च्या २६,२७७ पासून मार्च २०२५ च्या २१,९६४ पर्यंत ४ जूनसारखा एकही दिवस नव्हता, रोज थोडं थोडं झिजत गेलं. तिथे माझा स्टॉप ३ ऑक्टोबरलाच, २५,२५० च्या क्लोजवर, बाहेर काढतो. म्हणून स्टॉप मोडीत काढणार नाही.

उणीव आहे ती री-एंट्रीची. तुटलेला स्टॉप गोठवायचा आणि क्लोज पुन्हा त्याच्यावर गेला की आत. मग ५ जूनलाच २२,६२० ला परत शिरलो असतो, ७३६ पॉइंटचा भुर्दंड सोसून. विकल्यापेक्षा महाग घ्यायला हात धजत नाही, म्हणून विकतानाच जीटीटी (ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर) लावून ठेवायचा विचार होता. पण जीटीटी चालू भावावर पेटते, क्लोजची वाट बघत नाही. तेव्हा अलार्मच, ३.२० चा, बाजार बंद होण्याच्या जरा आधी. (ब्रोकरनं नव्या व्हर्जनमध्ये चार थीम दिल्यात. पी अँड एल (नफा-तोटा) लपवायचं बटण मात्र अजून नाही. ३.२० ला तो लाल आकडा समोर नसता तर निम्मं काम झालं असतं.)

इथवर लिहिलं आणि २०२० आठवलं. फेब्रुवारीच्या शेवटी स्टॉप साधारण ११,८०० ला तुटतो. २३ मार्चला लोअर सर्किट, ४५ मिनिटं बाजार बंद, क्लोज ७,६१०. गोठवलेल्या पातळीवर निफ्टी परत आला ऑक्टोबरमध्ये! सगळी रॅली बाहेर बसून बघायची?

तेव्हा दुसरी अट जोडतोय: गोठवलेला स्टॉप किंवा वीस दिवसांचा हाय, जे आधी ओलांडेल ते. भीती अशी की २०२४-२५ च्या घसरणीत हीच अट पुन्हापुन्हा आत ओढून मार खायला लावेल. रविवारी तोच तुकडा आधी चालवतो. कुणी वीसऐवजी पंचावन्न वापरून पाहिलं असेल तर व्हिपसॉ (आत शिरताच पुन्हा बाहेर फेकणारे फसवे इशारे) किती कमी झाले ते कळवा.