फेरी तिसरी: येळ्ळूरचं भात, कणकुंबीचं गवत

कोजागरी झाली आणि त्यानंतरच्या रविवारी पहाटे पाचला आम्ही चौघं बेळगावहून निघालो. एकाच पट्ट्याचे वर्षभर फोटो काढायचे ठरवल्यापासून ही तिसरी फेरी. श्रावणातल्या पहिल्या फेरीत पावसानं लेन्स पुसण्यातच दिवस गेला, भाद्रपदातली दुसरी बरी झाली. या खेपेला विषय एकच: शरद.

शरद म्हटलं की परदेशी फोटोंतली लाल-केशरी झाडं डोळ्यांसमोर येतात. ती इथं शोधायला जाऊ नका. आपल्याकडं पानगळ माघ-फाल्गुनात, आणि लाल पालवी म्हणाल तर कुसुंबाची, तीही उन्हाळ्याच्या तोंडावर. इथला शरद झाडांवर नसतो, तो जमिनीलगत असतो. पिकलेलं भात, वाळत चाललेलं गवत, बांधावरचा उरलासुरला तेरडा. हे मला दोन फेऱ्या वाया घालवल्यावर कळलं, म्हणून आधीच लिहून ठेवतोय.

उजाडता उजाडता राजहंसगडावर पोचलो. खाली शिवारात धुकं होतं. सगळ्यांनी धुक्याचे फोटो काढले, चांगले आले, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरं काम खाली उतरल्यावर सुरू झालं.

येळ्ळूरचं शिवार म्हणजे बेळगाव बासमतीचं शिवार. कापणी आठ-दहा दिवसांवर आलेली, लोंब्या वाकलेल्या, त्यावर दहिवर. सूर्य पाठीशी ठेवून काढलेले पहिले तीसेक फोटो सपाट आले, पिवळी चादर अंथरल्यागत. मग बांधावर बसून सूर्याकडं तोंड केलं, लेन्सवर हातानं सावली धरली, आणि लोंबी न् लोंबी कडेनं उजळली. भाताच्या पाठीमागून, आपल्या समोरून येणारा उजेड त्याला मानवतो, एवढं मी आता छातीठोक सांगतो.

इथं एक चूक झाली, ती सविस्तर सांगतो. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, व्यवस्थित दिसत होता, तरी घरी येऊन बघतो तर सोनेरी भागात तपशीलच नाही. पिवळ्या-सोनेरी रंगात लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर, सगळ्यात आधी भरतो आणि जळतो, एकत्रित आलेखात ते कळत नाही. वकील मित्रानं तिन्ही रंगांचे वेगळे आलेख चालू ठेवले होते आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, 0.7 स्टॉपनं खाली आणलं होतं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). त्याच जागेवरून काढलेले त्याचे फोटो जिवंत आहेत. दुसरं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचा समतोल, ऑटोवर ठेवला की कॅमेरा तो सोनेरीपणा 'दुरुस्त' करून टाकतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर नंतर बदलता येतो, पण जागेवर पडद्यावर फिकं दिसलं की हुरूप जातो. मी तो 5200 केल्व्हिनवर, म्हणजे दिवसाच्या उन्हाच्या आकड्यावर, पक्का केला.

पुढच्या वावरात आदल्या आठवड्याच्या पावसानं भात आडवं पडलं होतं. वरून बघितलं तर भोवऱ्यासारखे वळसे, फोटोला विलक्षण. मी कॅमेरा उचलला तेवढ्यात बांधावरून मावशी म्हणाल्या, "कडेनं जावा की बाळ, पाय पडला तर लोंब्या झडतात. हाय ते तरी पदरात पडू दे." मी कॅमेरा खाली घेतला. नंतर त्यांनीच विचारलं, "काढायचा हाय काय फोटू?" मग बांधावरून, त्यांच्या परवानगीनं, तीन काढले. दिवसातले सगळ्यात चांगले तेच आहेत, आणि ते बघताना आनंद होत नाही.

नाष्टा करून पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबीला गेलो. गाव जवळजवळ 800 मीटर उंचीवर. इथं मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते. याच खानापूर तालुक्यातलं म्हादईचं पाणी मात्र पश्चिमेला गोव्यात उतरतं. सड्यावरचं गवत अर्धं हिरवं, अर्धं तांबूस. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात मी पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावला. गवताच्या पात्यांवरची पांढरी चमक गेली आणि खालचा रंग वर आला. त्यासाठी जवळजवळ दोन स्टॉप उजेड मोजावा लागतो आणि वारा असेल तर पाती हलतात, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, 400 वर नेला. 18 मिमीला आभाळ एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकं आलं. रुंद लेन्सवर आभाळ घ्यायचं असेल तर पोलरायझर काढून ठेवा.

चोर्ल्यापर्यंत जायचा बेत होता. दरीत ढग भरले आणि मास्तर मित्राची बॅटरी संपली, म्हणून कणकुंबीहूनच परत फिरलो. येताना एका खळ्यावर पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी रचताना बापलेक दिसले, पाचचं ऊन, उडणारी धूळ. माझ्याकडं 55-250 मिमीची लांबची लेन्स होती, शटर 1/500. दोघांनी मान डोलावली तेव्हाच काढला.

हिशेब: 412 फोटो, ठेवले 9. मागच्या फेरीत 4 होते. आडव्या भाताच्या वावराशेजारी बांधावर एक काळा दगड आहे, त्यावर उभं राहून उंची आणि चौकट लिहून ठेवलीय. कापणीनंतर तिथं कडधान्य पेरतील तेव्हा चौथी फेरी, त्याच दगडावरून, त्याच लेन्सनं. मावशींना त्यातला एक फोटो छापून न्यायचाय, उभ्या भाताचा.