हिवाळ्यात माल्मोला बोर्ड घेऊन जाताय? आधी छत शोधा

स्वीडनमधल्या माल्मोचे स्केटबोर्डिंगचे जे व्हिडिओ आपण सोलापुरात बसून बघतो ते जवळजवळ सगळे उन्हाळ्यातले असतात. डिसेंबरात तिथे साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी साडेतीन-पावणेचारला सूर्य बुडतो. नकाशावर स्केटपार्क ‘खुलं’ दिसतं, कारण त्याला फाटकच नाही. तिथे चाक टेकवता येईल का, हे नकाशा सांगत नाही, आणि सगळी फसगत तिथेच होते.

ऑली (बोर्डसकट उडी), ड्रॉप-इन (काठावरून उतारात शिरणं), बोलमध्ये, म्हणजे काँक्रीटच्या खोलगट वाडग्यात, पंपिंग (अंग खालीवर करून वेग घेणं) जमतं असं धरूनच हे लिहिलं आहे.

स्टापेलबेड्सपार्केन हे उघड्यावरचं स्केटपार्क 2005 साली जुन्या जहाजबांधणीच्या आवारात उभं राहिलं. टर्निंग टॉर्सो ही 190 मीटर उंच पिळदार इमारत दिसली की पार्क जवळ आलं समजा. बांधकाम अव्वल आहे, पण डिसेंबर-जानेवारीत तिथे जाऊ नका. बर्फाचे ढीग फारसे नसतात, पारा शून्याच्या आसपास खालीवर होतो आणि खरा त्रास त्याचाच. दुपारी वितळतं, तीन वाजता पुन्हा गोठतं. काचेसारखा पातळ थर काँक्रीटवर बसतो आणि तो दिसत नाही.

बोलच्या तळाचं गणित समजून घ्या. डिसेंबरात सोलापूरला भर दुपारी सूर्य सुमारे 49 अंशांवर असतो, माल्मोला जेमतेम 11 अंशांवर. त्यामुळे दोन मीटर खोल बोलची दक्षिणेकडची भिंत बारा वाजताही दहा मीटर लांब सावली टाकते. लहान बोलचा तळ दिवसभर उन्हाचं तोंड बघत नाही. पाणी तिथेच साचतं, निचऱ्याचं भोक गोठलं की तिथेच राहतं. वरचा काठ कोरडा दिसला म्हणून ड्रॉप-इन केलं तर उतारावर बोर्ड ठीक धावतो, तळात पुढची चाकं सटकतात आणि मनगट जातं. आधी पायी खाली उतरा, कागदी रुमाल तळावर आणि वळणाच्या सुरुवातीला दाबून धरा. ओला झाला किंवा खाली घसरडं लागलं तर परत फिरा. लोखंडी कोपिंगवर (बोलच्या काठाच्या पाइपवर) पांढरं दहिवर असेल तर ग्राइंडचा, म्हणजे त्यावरून बोर्डाचा धातूचा दांडा घासत जाण्याचा, नाद सोडा. सिबार्पचं पार्क समुद्रालगत आहे, हिवाळ्यात तिथला वारा अंगात शिरतो. तेही वगळा.

जायचं ते ब्रिगेरिएटला. सोफिएलुंड भागातल्या जुन्या ब्रुअरीत हा बंदिस्त लाकडी हॉल आहे. 2006 पासून त्याच्या जोडीला हायस्कूल चालतं आणि स्केटबोर्डिंग तिथे शिकवण्याचा विषय आहे. अशा हॉलमध्ये नवशिके, लहान मुलं, मुली यांच्या वेळा वेगळ्या असू शकतात. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या आठवड्याचं वेळापत्रक बघा. स्वीडनमध्ये नाताळ 24 डिसेंबरलाच साजरा होतो, 24 ते 26 ला हॉल उघडा असेल असं गृहीतच धरू नका. हेल्मेट घरूनच न्या.

स्टेशनपासून बोर्डवरून जाऊ नका. फुटपाथवर घसरू नये म्हणून बारीक खडी टाकलेली असते. हरभऱ्याच्या डाळीएवढा एक खडा 52 मिलिमीटरचं चाक जागच्या जागी अडवतो. बोर्ड पिशवीत ठेवा, चालताना दुसरे बूट घाला. स्वेडचे स्केट बूट एकदा भिजले की दुसऱ्या दिवशीही पकड देत नाहीत.

टॅक्सीत आम्ही फसलो. स्वीडनमध्ये टॅक्सीचे दर सरकार ठरवत नाही, प्रत्येक कंपनी आपला दर लावते. मागच्या दाराच्या काचेवर दरपत्रक असतं. त्यातला मोठा आकडा म्हणजे 10 किलोमीटर आणि 15 मिनिटांच्या प्रवासाचं भाडं. शेजारी उभ्या दोन गाड्यांमध्येही तो वेगळा असू शकतो. आकडा वाचल्याशिवाय दार उघडू नका. खरं तर टॅक्सी लागतच नाही. कोपनहेगन विमानतळावरून पुलावरून थेट ट्रेन आहे आणि शहरात बस आहे. बसमध्ये रोख चालत नाही, कार्ड किंवा ॲप ठेवा.

सामानात दोन संच चाकं न्या: हॉलसाठी 99ए, बाहेर कोरडं सापडलंच तर 78 ते 87ए (आकडा मोठा तितकं चाक कडक). थंडीत चाकाचं युरेथेन कडक होतं, बोर्ड वळवणारी रबरासारखी बुशिंगही. बोर्ड वळेनासा झाला की किंगपिनचा (बुशिंगमधून जाणाऱ्या मोठ्या बोल्टचा) नट पाव फेरा सैल करा, आत आल्यावर तेवढाच घट्ट. टी-टूल (बोर्डाचे नट फिरवायचा पाना) आणि चाकांच्या 608 मापाच्या बेअरिंगचा जादा संच हवाच, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी साधं स्टील एका रात्रीत गंजवतं. बेअरिंगचा क्लीनर विमानात नेऊ नका, तो पेट घेणारा असतो. तिथे घ्या. बेअरिंगचं रबरी झाकण टाचणीने काढा, धुवा, पूर्ण वाळवा, मग प्रत्येकी एकच थेंब पातळ तेल.

सोलापुरी टॉवेल दोन न्या, तेही जुने, कारण नवे पाणी नीट शोषत नाहीत. हॉलच्या दारात चाकं आणि ट्रक (चाकं धरणारा धातूचा भाग) कोरडे पुसा, ओलं चाक लाकडी रॅम्पवर तुमच्यासकट मागच्यालाही पाडतं. गार बोर्ड उबदार खोलीत नेला की त्यावर पाणी सुटतं, म्हणून अर्धा तास पिशवीतच राहू द्या. हीटरला टेकवू नका, बोर्डाच्या लाकडाचे थर सुटतात.

जेवण महाग आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आठवडाभर टिकते. पेढे, तूप नकोत, बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

तारखा हातात असतील तर मे ते सप्टेंबर. हिवाळाच असेल तर हॉलचे तीन दिवस. चौथा लावू नका.