लाल शेवाळाचं अपडेट: नाव लागलं, निदान अर्धं तरी

तर मंडळी, माझ्या खाऱ्या पाण्याच्या टॅंकमधे रॉकच्या सावलीच्या बाजूला आणि झोअँथिडच्या (प्रवाळासारखा मऊ जीव) फ्रॅगवर, म्हणजे कापून लावलेल्या तुकड्यावर, जे लाल-गुलाबी झुपके वाढत होते त्यांचा आता बराचसा छडा लागलाय. आधी एक सांगतो, नुसत्या रंगावरून नाव ठरवायला जाऊच नका, कारण निळ्या लाइटखाली या शेवाळातलं फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य नारिंगी चमकतं आणि सगळंच एकसारखं दिसायला लागतं. फोटो काढायचा तर लाइटचा व्हाइट चॅनल (पांढरा प्रकाश) वाढवून काढा, किंवा सरळ तुकडा बाहेर काढून पांढऱ्या बशीत ठेवून बघा.

सायनो (सायनोबॅक्टेरिया) पहिल्याच फटक्यात बाद झालं. पिपेटने पाणी मारलं की सायनोचा थर चादरीसारखा सुटून येतो, आणि ते मुळात शेवाळ नाहीच, बॅक्टेरिया आहेत. माझे झुपके नुसते हलले, जागचे सुटले नाहीत. कोरलाइनचाही (चुन्याचं लाल शेवाळ) प्रश्न नव्हता, ती दगडाला चिकटलेली कडक खपली असते आणि खरवडून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. पेसोनेलिया असती तर गडद मरून पापुद्रे दिसले असते, कडा दगडापासून सुटलेल्या.

उरले ते तंतूवाले, आणि इथे मायक्रोस्कोपशिवाय खरंच काही खरं नाही.

चिमट्याने छोटासा तुकडा काढला, टॅंकचंच पाणी घेतलं (गोड पाण्यात पेशी फुगून फुटतात), कव्हर स्लिप ठेवली आणि आधी कमी मॅग्निफिकेशनवर बघितलं. सेरेमियम असेल तर तंतूवर आडवे गडद पट्टे दिसतात आणि बऱ्याच जातींत टोकं जोडीने आत वळलेली असतात, ते काही सापडलं नाही. मग उरली पॉलिसायफोनिया की फाल्केनबर्गिया ही भानगड. दोन्हींत मधे एक पेशींची रांग असते आणि तिच्याभोवती पेरिसेंट्रल सेल्स (वेढून असलेल्या पेशी), फक्त पॉलिसायफोनियात त्या प्रत्येक टप्प्यावर चार किंवा जास्त आणि फाल्केनबर्गियात तीनच. फोकस सावकाश वर-खाली करत, तंतू थोडा फिरवत मोजलं, तीनच! शिवाय जवळपास प्रत्येक पेशीला लागून एक बारीक चकचकीत ठिपका, त्या ग्लँड सेल्स (ग्रंथी पेशी). त्या दिसल्यावर मला काही शंका उरली नाही, आणि खरं सांगतो, स्क्रीनवर ते इतकं सुंदर दिसत होतं की काढून टाकायचं जिवावर आलं.

फाल्केनबर्गिया म्हणजे वेगळं शेवाळ नाही, अॅस्पॅरागॉप्सिसच्याच जीवनचक्रातली एक अवस्था. दोन्ही रूपं इतकी वेगळी दिसतात की पूर्वी त्यांना स्वतंत्र वंश म्हणून नावं दिली गेली होती. आणि हेच ते अॅस्पॅरागॉप्सिस जे गुरांच्या पोटातला मिथेन कमी करायला चाऱ्यात घालून बघतायत, त्यातल्या ब्रोमोफॉर्म या रसायनामुळे. ते ब्रोमोफॉर्म या ग्लँड सेल्समधेच साठतं, त्यामुळे माझा टॅंग (शेवाळ खाणारा मासा) एक तोंड मारून लगेच थुंकतो ते का, हेही कळलं.

म्हणून खाणारा मासा आणून सोडायचा विचार मी सोडून दिलाय. तुटलेल्या तुकड्यातूनही हे पुन्हा वाढतं, त्यामुळे टॅंकमधे ब्रशने घासणं एकदम बंद. पॉवरहेड (पाणी फिरवणारे पंप) बंद करायचे, सायफनची नळी झुपक्याला लावूनच चिमट्याने उपटायचं, आणि सायफनचं पाणी फिल्टर सॉकमधून (गाळणीच्या पिशवीतून) जाऊ द्यायचं. फ्रॅग बाहेर काढता येतो म्हणून त्याच्या प्लगवर (तो ज्यावर चिकटवलाय त्या बुडावर) ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावलं, पॉलिप्सना (झोअँथिडच्या फुलासारख्या जिवांना) लागू न देता, आणि धुऊन परत ठेवला. तिथले झुपके आधी फिके नारिंगी पडले, मग पांढरे, आणि झोअँथिड परत पूर्ण उघडायला लागलेत, जे बघून फार बरं वाटलं.

अर्धं नाव म्हटलं ते एवढ्यासाठी की अॅस्पॅरागॉप्सिसची जात टॅक्सिफॉर्मिस की अरमाटा हे या अवस्थेत नुसतं बघून सांगता येत नाही, त्याला डीएनए लागतो किंवा मोठं पिसासारखं रूप उगवायला लागतं. एक झुपका वेगळ्या बरणीत ठेवलाय, मंद लाइटवर. मागचा मोठा रॉक अजून बाकी आहे, तो पुढच्या वॉटर चेंजला घेतो.